सातबाऱ्यावर पाळकांचं नाव: नाशिकच्या एका मंडळीचं प्रकरण

नावं सगळी बदललेली आहेत, आकडे थोडे इकडचे तिकडे केलेत आणि जमीन ज्या गावातली त्याचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातल्या दोघांनी हे वाचून होकार दिलाय. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी या प्रकरणात बाहेरून बघणारा माणूस नाही, मी त्या मंडळीचा, म्हणजे त्या चर्चचा, खजिनदार होतो. त्यामुळे चुकांची यादी होईल तेव्हा माझंही नाव त्यात येणार.

पार्श्वभूमी

आमची मंडळी सिडको भागातली, स्वतंत्र. खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर भाड्याचा हॉल, तिथे दर रविवारी साडेनऊला उपासना. ४५ एक कुटुंबं होती तेव्हा. बरीचशी राहुरी, श्रीरामपूर, जालन्याकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेली, माणसं सातपूर नाहीतर अंबडच्या कंपन्यांत, बाया कोणी नर्स, कोणी शाळेत, कोणी डबे करणाऱ्या. हंगाम सणाला लोक गावाकडून बाजरी, कोंबड्या, भोपळे घेऊन यायचे आणि लिलावात एकेक नारळ पाचशेला जायचा, अशी ती मंडळी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हणणारी म्हातारी माणसंही होती आणि गिटार घेऊन उभी राहणारी पोरंही.

नाशिकला ख्रिस्ती मंडळी काही नवी नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली, त्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला. हे इथे सांगायचं कारण एवढंच की त्या जुन्या मिशनच्या मंडळ्या १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या, त्यांच्यावर बिशप आहे, कमिटी आहे, पाळकांची, म्हणजे पास्टरांची, बदली होते. त्यांच्याकडे सगळं आलबेल असतं असं मी म्हणत नाही, पण तक्रार घेऊन जायला एक दार तरी असतं. आमच्यासारख्या स्वतंत्र मंडळीत पाळकांच्या वर थेट देवच, मधे कोणी नाही. सुरुवातीला हे आम्हाला फार चांगलं वाटायचं.

पाळकसाहेबांबद्दल नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. त्या माणसाने ही मंडळी सात कुटुंबांपासून उभी केली. एप्रिल २०२१ आठवा, २१ तारखेला ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन आपल्या शहरातल्या एका हॉस्पिटलात माणसं गेली तो आठवडा. त्याच आठवड्यात शैलाताईंचे मिस्टर दुसऱ्या एका दवाखान्यात होते. नातेवाईक दारात यायला तयार नव्हते आणि पाळकसाहेब रात्रभर सिलेंडरसाठी अंबडपासून सिन्नरपर्यंत गाडी फिरवत होते. मिस्टर गेले तेव्हा किट घालून पुरायलाही तेच आले, मुलगी रूथ तेव्हा चौदा वर्षांची, तिचा हात धरून उभे राहिले. पुढच्या वर्षी रूथचा बाप्तिस्माही त्यांनीच दिला.

मंदिर बांधायचा फंड २०१८ पासून चालू होता. पाच वर्षांत १८ लाख ४० हजार जमा झाले. शैलाताईंनी मिस्टर गेल्यावर आपल्या पाटल्या मोडून ८५ हजार दिले, त्यांच्या आठवणीसाठी. २०२२ मध्ये सिन्नरच्या बाजूला २० गुंठे जमीन घेतली १६ लाखाला, दोन टेम्पो करून सगळी मंडळी तिथे गेली, समर्पणाची प्रार्थना झाली, बायांनी तिथल्या तिथे चुली पेटवून रस्सा भाकरी केली. तो दिवस मंडळीत अजून काढला जातो.

अडचण कशी वर आली

कोणी शोध घ्यायला गेलंच नव्हतं. शैलाताईंचा भाचा खासगी मोजणीवाल्याकडे कामाला आहे, त्याच्या मनात आलं की मंडळीच्या जमिनीची मोजणी आपण फुकट करून देऊ, नाताळची भेट म्हणून. त्यासाठी त्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये गट नंबर टाकून ऑनलाइन सातबारा काढला. मालकाच्या रकान्यात ट्रस्टचं नाव नव्हतं, पाळकसाहेबांचं स्वतःचं होतं. आणि इतर अधिकाराच्या रकान्यात एका पतसंस्थेचा ६ लाखाचा बोजा, म्हणजे जमीन तारण ठेवून काढलेलं कर्ज.

रविवारी उपासना संपल्यावर शैलाताई तो कागद घडी करून माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, हे बघा, मला कळत नाहीये, तुम्ही सांगा."

मला बघताक्षणी कळलं. मी बँकेत तीस वर्षं काढलीत, बोजा म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण मी काय म्हणालो, तर "ताई, घाई नको करायला, प्रार्थना करू, नाताळ तोंडावर आहे." कागद घेतला आणि माझ्या पवित्र शास्त्राच्या कव्हरमध्ये ठेवला. तिथे तो चार महिने राहिला.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच, आणि तो माझ्याकडून चुकला. मी का गप्प बसलो ते लिहितो, कारण असंच कारण मंडळीचा कारभार बघणाऱ्या इतरही पंचांचं असतं. जमीन घेतली त्या सुमारास मी डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला मुलाकडे होतो आणि जाताना पाच चेकवर सह्या करून ठेवून गेलो होतो. कोरे चेक. पैसे विकणाऱ्याच्या नावाने गेले, माझ्याच सहीने गेले, आणि खरेदीखत कोणाच्या नावावर झालं हे मी परत आल्यावर एकदाही विचारलं नाही. ऑडिट तीन वर्षं झालं नव्हतं. ट्रस्टींपैकी एक वारले, एक गुजरातला गेले, त्याचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत द्यायचा असतो तो कोणी दिलेला नव्हता. म्हणजे पाळकांची फाइल उघडली की त्यात पहिलं पान माझं निघणार होतं. मी त्याला प्रार्थना असं नाव दिलं.

त्या चार महिन्यांत शैलाताई उपासनेला येणं कमी झाल्या. महिला मंडळात बोललं जाऊ लागलं की शैला थंड पडली, नवरा गेल्यापासून विश्वास डळमळला. हे माझ्या कानावर येत होतं आणि खरं कारण माझ्या कव्हरमध्ये होतं.

मार्चमध्ये, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) दोन दिवस आधी शैलाताई घरी आल्या. रूथ बरोबर. म्हणाल्या की पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) मी प्रभुभोजन, म्हणजे पाळकांच्या हातची भाकर आणि द्राक्षारस, घेणार नाही, त्या हातातून भाकर घेताना मला पाटल्या आठवतात. आणि रूथने विचारलं ते माझ्या जिव्हारी लागलं, "काका, पाळकसाहेब खोटे असतील तर माझा बाप्तिस्मा पण खोटाच ना?"

कोणते पर्याय समोर होते

त्या रात्री मी आणि अजून दोन पंच बसलो. जे बोलणं झालं ते असं होतं.

एक म्हणाले, गप्प राहावं, परमेश्वराच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्याने नेमलेल्या माणसाला, हात लावू नये असं वचन आहे. हे वचन आमच्याकडे फार वापरलं जातं, पाळकांवर कोणी बोललं की लगेच. म्हणून आम्ही ते उघडून वाचलं. स्तोत्र १०५ मध्ये ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, परक्या देशात भटकणारी मूठभर माणसं, आणि राजांना ताकीद आहे की त्यांना त्रास देऊ नका. हिशोब विचारू नका असं तिथे कुठेही नाही. जिवावर उठलेला राजा शौल गुहेत हाती सापडला तरी दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला हे खरं, पण १ शमुवेल २४ पुढे वाचा, तो गुहेबाहेर आला आणि झग्याचा कापलेला काठ हातात धरून सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला. हात टाकला नाही आणि तोंडही बंद ठेवलं नाही. माझ्याकडे काठाच्या जागी सातबारा होता.

दुसरा पर्याय म्हणजे निघून जाणं. नाशिकमध्ये मंडळ्यांना काही तोटा नाही. पण आम्ही गेलो तर बाकीच्या चाळीस कुटुंबांचं काय, ते तर फंडात पैसे टाकतच राहणार.

तिसरा, सरळ तक्रार. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडजवळच्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते ख्रिस्ती नाहीत पण माणूस सरळ. त्यांनी सांगितलं की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० आहे, कलम ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित करून काढताही येतं, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हाही होऊ शकतो, पण आधी तुमचं ऑडिट आणि बदल अर्ज नीट करा, नाहीतर समोरचा वकील पहिलं तेच काढेल. आणि अजून एक महत्त्वाचं सांगितलं जे आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हतं, की लोन थकलेलं असेल तर पतसंस्था ती जमीन जप्त करून लिलावाला काढू शकते, तेव्हा तुम्ही वचनांवर चर्चा करा पण कॅलेंडरकडेही बघा.

तक्रारीला विरोध मोठा होता. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय की भावाने भावाला कोर्टात नेऊ नये, हा एक मुद्दा. आणि दुसरा मुद्दा जो लोक हळू आवाजात बोलतात, की आधीच ख्रिस्ती मंडळीकडे बघायची काहींची नजर संशयाची आहे, त्यात आपण स्वतः आपलं धुणं चौकात धुवायचं का. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण याच भीतीमुळे अशा गोष्टी वर्षानुवर्षं दाबल्या जातात आणि शेवटी फुटतात तेव्हा चौपट मोठ्या होऊन फुटतात.

चौथा पर्याय रूथचा होता, सगळंच सोडून द्यायचं. तिने तो बोलून दाखवला नाही. फक्त तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडली.

शेवटी आम्ही मत्तय १८ ची पद्धत धरली, पण तारीख ठरवून. आधी एकट्याने जायचं, मग दोघातिघांनी, मग मंडळीपुढे. आणि ३० जूनपर्यंत काही झालं नाही तर वकिलांमार्फत तक्रार. तारीख घालायचा आग्रह शैलाताईंचा होता. त्या म्हणाल्या, "दादा, तारीख नसली की ती प्रार्थना राहत नाही, टाळाटाळ होते." चार महिने मी जे केलं त्याला त्यांनी बरोबर नाव दिलं.

काय केलं

पहिल्यांदा मी एकटा गेलो, एप्रिलमध्ये, गुरुवारी संध्याकाळी. पाळकीणबाईंनी चहा ठेवला. मी कागद पुढे ठेवला. पाळकसाहेबांनी बघितला आणि म्हणाले, "शेतजमीन ट्रस्टच्या नावावर होत नाही, शेतकऱ्याच्याच नावावर होते, माझ्या नावावर गावाकडे शेती आहे म्हणून मी घेतली, मंडळीसाठीच."

आणि हे खरं होतं. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मी तिथून उठणारच होतो. असं अर्धं खरं उत्तर मिळालं की माणूस बाकीचं अर्धं विचारायचं विसरतो, कारण त्याला विसरायचंच असतं. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. विचारलं, आणि बोजा?

त्यावर ते चिडले. मला म्हणाले की तुम्ही माझ्या सेवेवर संशय घेताय, सैतान मंडळी फोडायला बघतोय आणि तुम्ही त्याचं हत्यार होताय. पुढच्या रविवारचा संदेश मोशेविरुद्ध बोलल्यावर मिर्यामला कोड कसं झालं यावर होता. अख्ख्या हॉलमध्ये तो कोणासाठी आहे हे चौघांनाच माहीत होतं.

दुसऱ्या वेळेला आम्ही तिघे गेलो आणि बरोबर एक निवृत्त रेव्हरंड साहेबांना नेलं, दुसऱ्या मंडळीचे, वय ऐंशीच्या पुढे, शरणपूर रोडला राहतात. त्यांना नेणं हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय होता. कारण त्यांना आमच्या पाळकांकडून काहीच नको होतं, आणि ते स्वतः पाळक असल्यामुळे पाळकाची कोंडी त्यांना आतून माहीत होती. त्यांनी सातबारा काढायच्या आधी विचारलं, "तुला मंडळी महिन्याला किती देते?" पाळकसाहेब म्हणाले बारा हजार. रेव्हरंड आमच्याकडे वळून म्हणाले, "पंचेचाळीस घरं आणि बारा हजार?" आम्हाला खाली बघावं लागलं. मग पाळकांकडे वळून तितक्याच शांतपणे म्हणाले, "पण हे तू मंडळीला सांगायचं होतंस. विधवेच्या पाटल्या गहाण टाकायच्या नव्हत्या."

तिथे तो माणूस रडला. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी लोन काढलं होतं, वाटलं होतं वर्षात फेडू, मग हप्ते थकले, पतसंस्थेच्या दोन नोटिसा आलेल्या होत्या. पाळकीणबाईंना यातलं काहीही माहीत नव्हतं, त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला आजही तो चेहरा विसरता येत नाही.

मे महिन्यात मंडळीपुढे मांडलं. आधी मी माझं सांगितलं, कोरे चेक आणि चार महिने, मग त्यांनी त्यांचं. १ तीमथ्य ५ मध्ये वडिलांवर, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवर, आरोप दोन तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असंही आहे आणि पाप करणाऱ्याला सगळ्यांसमोर बोला असंही आहे, लागून लागून, पण आमच्याकडे पहिलंच वाचलं जातं. त्या दिवशी दोन्ही वाचली.

रूथच्या प्रश्नाचं काय झालं

हा भाग पैशाचा नाही पण माझ्या मते हेच खरं प्रकरण आहे.

रेव्हरंड साहेबांनी तिला आणि शैलाताईंना घरी बोलावलं, मीही होतो. त्यांनी तिला आधी जुनी गोष्ट सांगितली, की चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत हाच प्रश्न उभा राहिला होता, छळाच्या काळात ज्या बिशपांनी घाबरून पवित्र शास्त्राच्या पोथ्या सरकारला देऊन टाकल्या त्यांच्या हातचा संस्कार चालेल का. डोनॅटसच्या बाजूचे म्हणाले नाही चालणार. ऑगस्टीनने सांगितलं की बाप्तिस्मा देणारा हात कोणाचाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे. "तुझ्यावर नाव पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं घेतलं ना? पाळकाचं नाही ना घेतलं?" असं त्यांनी विचारलं. रूथ काही बोलली नाही पण ऐकत होती.

शैलाताईंना मात्र इतिहास पुरणार नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. त्या म्हणाल्या, "त्या रात्री सिलेंडर आणला तो पण हाच माणूस, आणि माझ्या पाटल्यांवर लोन काढलं तो पण हाच. यातला खरा कुठला? ती रात्र जर खोटी असेल तर देव आला होता असं मला वाटलं ते पण खोटं."

मग १ शमुवेलातला हन्नाचा भाग वाचला. मी तो कितीतरी वेळा ऐकलाय, पण नेहमी मूल मागणारी बाई म्हणून. त्या दिवशी रेव्हरंडनी ती जिथे प्रार्थनेला जायची त्या शिलोच्या मंदिरात काय चाललं होतं तिकडे बोट दाखवलं. याजक एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास, लोक अर्पण शिजवत असताना यांचा माणूस तीन काट्यांचं आकडं घेऊन यायचा आणि हंड्यात खुपसून मांस ओढून न्यायचा. इतकं की लोकांना अर्पणाचाच वीट आला. आणि एली, त्याला रडणाऱ्या बाईत आणि प्यायलेल्या बाईत फरक कळला नाही, त्याने हन्नाला दारू उतरव म्हणून सांगितलं. अशा ठिकाणी ती दरवर्षी जात होती. त्या हंड्याजवळून चालत जाऊन ती परमेश्वराशी बोलली, आणि तिचं ऐकलं गेलं. याजक चांगला होता म्हणून नाही ऐकलं. आणि गंमत अशी नाही की तिने एलीला माफ करून गप्प बसावं असं लिहिलंय, तिने त्याला तिथेच उत्तर दिलं, की मी प्यालेली नाही, मी माझं मन ओतत होते. पुढे तिच्याच मुलाने, शमुवेलाने, त्याच एलीला सकाळी उठून देव काय म्हणाला ते काहीही न लपवता सांगितलं.

रेव्हरंड म्हणाले की ती रात्र खोटी नव्हती, त्या रात्री देवाने त्या माणसाला तुझ्याकडे पाठवलं, पण म्हणून तो माणूस देव झाला नाही. तू दोघांची गाठ एकत्र मारून ठेवली होतीस.

मी घरी आलो आणि पुढचा अध्याय एकट्याने वाचला. देवाने एलीला दोष दिला तो मांस खाल्ल्याचा नाही फक्त, मुलं काय करतात हे माहीत असून त्यांना आवरलं नाही याचा. मी हफनी नव्हतो. मी एली होतो. आम्ही सगळे पंच एली होतो, बसायला आसन होतं आणि डोळे अधू झाले होते.

परिणाम

जमीन वाचली नाही. पतसंस्थेची मुदत आणि व्याज बघता ती विकणं भाग होतं, डिसेंबर २०२४ मध्ये १९ लाखाला गेली, व्याजासकट लोन आणि खर्च जाऊन १२ लाख ट्रस्टच्या खात्यात आले. उरलेल्या ७ लाखांचं पाळकसाहेबांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, महिन्याला १० हजार, म्हणजे जवळपास सहा वर्षं. अकरा हप्त्यांपैकी आठ आलेत. तक्रार केली नाही, कारण ३० जूनच्या आत कबुली झाली होती, पण हप्ते सलग तीन चुकले तर करायची असा ठराव आहे. ऑडिट झालं, बदल अर्ज दिले, मी खजिनदारपद सोडलं.

मंडळी फुटली. त्यांनी राजीनामा दिला आणि एकोणीस कुटुंबं त्यांच्याबरोबर गेली, त्यातली काही अजून म्हणतात की आम्ही पाळकांचा छळ केला. सतरा राहिली. बाकीची कुठे कुठे गेली, दोनतीन घरं कुठेच जात नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त त्यांचं वाटतं.

शैलाताई नऊ महिने शरणपूर रोडकडच्या एका जुन्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसत होत्या. मला म्हणाल्या, "तिथे पाळक कोण आहे त्याचं नावही मी विचारलं नाही दादा. मला फक्त प्रभूजवळ बसायचं होतं, मधे कोणी नको होतं." मग एका रविवारी परत आल्या. हप्त्यांचा हिशोब आता त्याच ठेवतात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उभं राहून वाचून दाखवतात, आला की आला, नाही आला की नाही. रूथ कॉलेजला आहे. उपासनेला येते कधी, कधी नाही. प्रभुभोजनाच्या वेळेला उठून बाहेर जायची, गेल्या ईस्टरला बसून राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

कोरे चेक, अर्थातच. पण त्याच्याही आधी, जमीन घ्यायच्या वेळी कलम ६३ चा प्रश्न खरा होता, तो मंडळीसमोर उघड ठेवता आला असता. लोकांना सांगायचं की ट्रस्टच्या नावावर शेतजमीन होत नाही, परवानगी काढू, नाहीतर थोडी कमी पण बिनशेती जागा घेऊ. यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवला, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. आम्ही उलटं केलं, विश्वास आहे ना मग दुसरी सही कशाला.

पगार. बारा हजारात माणसाने मुलाला शिकवायचं, पाहुणे सांभाळायचे, रात्री अपरात्री गाडीत पेट्रोल टाकून लोकांकडे जायचं, हे आम्ही कसं गृहीत धरलं. याने त्यांची चूक कमी होत नाही, पण पुढच्या पाळकांच्या वेळी आम्ही आकडा आधी ठरवला आणि मग माणूस.

आणि ज्या दिवशी शैलाताई कागद घेऊन आल्या त्याच दिवशी मी दुसऱ्या एका पंचाला फोन करायला हवा होता. फक्त एक फोन. त्या चार महिन्यांत लोनचं व्याज वाढलं ते वेगळं, पण एक बाई मंडळीत थंड पडली म्हणून ओळखली गेली आणि तिची सोळा वर्षांची मुलगी ते बघत होती. मी शैलाताईंची माफी उपासनेत सगळ्यांसमोर मागितली. त्यांनी मान हलवली. महिला मंडळातल्या ज्या दोघीतिघी बोलत होत्या त्यांनी अजून मागितलेली नाही.

मागच्या आठवड्यात पाळकसाहेबांचा मेसेज आला. त्यांच्याबरोबर गेलेली बरीच घरं पांगली आहेत आता. विचारलंय की नाताळच्या उपासनेला मागे येऊन बसलो तर चालेल का, आणि प्रभुभोजनाला पुढे आलो तर द्याल का. पंचांची मिटिंग शुक्रवारी आहे. मी मेसेज आधी शैलाताईंना दाखवला, यावेळी त्याच दिवशी. त्यांनी दोनदा वाचला, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "बसायला या म्हणावं. पुढचं मला रूथला विचारू दे."